गालिचा कोणाचा, बैठक कोणाची?

दिवाणखान्याच्या फरशीवर काय अंथरावे हा विषय मराठी समीक्षेच्या कक्षेत बसत नाही, असे काही वाचकांना वाटेल. आम्हांलाही गेल्या वर्षापर्यंत तसेच वाटत होते. परंतु या साध्या प्रश्नावरून आमच्या घरात, आप्तांत आणि मित्रमंडळींत जो वाद पेटला, त्यात मराठी साहित्यव्यवहारातल्या निदान दोन प्रबळ भूमिका आपापली शस्त्रे परजून उतरल्या होत्या. एक भूमिका म्हणत होती की जुने, दुर्मीळ आणि दूरदेशीचे ते सुसंस्कृत. दुसरी म्हणत होती की आपल्या मातीतले ते शुद्ध. आम्हांला दोन्ही खोट्या वाटल्या. आणि कुठे खोट्या आहेत हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही दोघे पतिपत्नी नांदेड जिल्ह्यातील नायगावात राहतो आणि मराठी शिकवतो. (सावित्रीबाईंचे नायगाव वेगळे, ते सातारा जिल्ह्यात. आमचे नायगाव बाजाराचे, नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. पत्रे अजूनही कधी कधी चुकतात.) अठरा वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर घर बांधले. त्यात हॉल चौदा बाय बावीस फुटांचा काढला. एवढा मोठा कशाला, असे गवंड्यानेही विचारले होते. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी मुले-मुली जमतात, कोणी कविता वाचतो, कोणी एखाद्या कादंबरीवर बोलतो, त्यांचे आईबापही कधी सोबत येतात. पंचवीस-तीस माणसे जमिनीवर बसू शकतील एवढी जागा हवी होती, इतकेच.

वास्तुशांतीला धाकटे बंधू न्यू जर्सीहून आले. सगळे घर फिरून झाल्यावर हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, ‘दादा, वहिनी, घर छान झालंय, पण या हॉलला जीव नाही. इथं एक मोठा, जुना, अस्सल पर्शियन गालिचा पाहिजे. माझ्याकडून भेट समजा. हैदराबादला जा, बघा, आवडेल तो घ्या.’ ही बातमी आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. देशीवादावर त्यांची निष्ठा आहे आणि ती ते लपवीत नाहीत. आले ते रागानेच. ‘सर, निजामाची नक्कल करता काय? मॅडम, तुम्हीतरी समजवा. घोंगडी अंथरा, जाजम अंथरा. आपल्या मातीतलं काही नाही का?’

स्नेह्यांचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो आमच्या व्यवसायातला आहे. गालिचा परका आणि जाजम आपले. ठीक. पण ‘जाजम’ शब्द कुठला? फारसीतून आलेला. ‘सतरंजी’? बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी असलेली ती शतरंजी. आणि शतरंज म्हणजे आपलेच ‘चतुरंग’ इराणात जाऊन, कपडे बदलून परतलेले. स्नेही ज्या खुर्चीवर बसले होते ती अरबी ‘कुर्सी’. समोरचा तक्क्या फारसी, खिडकीचा पडदा फारसी, आमच्या गावाच्या नावातला ‘बाजार’ फारसी. सर्वांत गंमत ‘फरशी’ची आहे. मुळात ‘फर्श’ म्हणजे अंथरलेली वस्तू. इराणात आजही ‘फर्श’ मागितले तर गालिचा दाखवतात. मराठीत तोच शब्द गालिच्याखालच्या दगडाला जाऊन चिकटला. आणि खुद्द ‘गालिचा’? फारसीत मोठ्या विणलेल्या पटाला ‘काली’ म्हणतात, त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागून ‘कालीचे’ होते, म्हणजे छोटा काली. तेव्हा ‘मोठा गालिचा’ म्हणजे शब्दशः ‘मोठा छोटा’. हे आम्ही बंधूंना फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही दुकानात वस्तू घ्यायला जाणार आहात की शब्द?’

शब्द आले तसे उगाच येत नाहीत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या दरबाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसी होती. आणि त्याही आधी बहमनींचे बिदर आमच्यापासून फार लांब नव्हते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. नव्या राज्याला ते करणे भाग होते. बाजाराने आणि माजघराने मात्र ते फारसे मनावर घेतले नाही, आणि मराठीचे त्यात काही बिघडलेही नाही. स्नेही ज्यांचे नाव घेतात त्या भालचंद्र नेमाड्यांच्या मांडणीतही बाहेरचे पचवून आपले करण्याला, देशीकरणाला, जागा आहे. नेमाडे औरंगाबादला शिकवत होते; हा प्रदेश काय काय पचवून बसला आहे ते त्यांनी पाहिलेले आहे. अनुयायी मात्र पचनाचा भाग सोडून देतात आणि कुंपणाचा उचलतात. रझाकारांच्या आठवणी आमच्या गावांतून अजून जित्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत, हे आम्ही जाणतो. पण लोकरीच्या पटाला रझाकार ठरवून त्या आठवणींचा मान कसा राखला जातो, हे स्नेह्यांनी आम्हांला अजून सांगितलेले नाही.

एवढ्यावरून आम्ही बंधूंच्या पक्षात गेलो असे कोणी समजू नये. आम्ही हैदराबादला गेलो, दोनदा गेलो, आणि तिथे जे शिकलो ते बंधूंच्या विरुद्ध जाते.

दुकानदार वयस्क होते, दखनीत बोलत होते आणि आम्ही घेणार नाही हे त्यांना बहुधा पहिल्या दहा मिनिटांत कळले होते. तरीही त्यांनी दोन दुपारी आमच्यावर खर्च केल्या. ‘प्रोफेसर साब, पहले उल्टा देखो,’ हे त्यांचे पहिले वाक्य. गालिचा पुढून पाहायचा नसतो, पाठीवरून पाहायचा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही जवळजवळ तेवढीच स्वच्छ दिसते आणि गाठी थोड्या वेड्यावाकड्या असतात. पाठीला डिंकाने कापड चिकटवलेले असेल तर तिथेच थांबावे. दशा म्हणजे ताण्याचेच मोकळे सोडलेले दोर. त्या नंतर शिवलेल्या असतील तर टोकाला काहीतरी झाले आहे, तुकडा गेला आहे किंवा कापला आहे. लव बोटांनी फाकवून मुळाशी रंग बघायचा. टोकाला फिका आणि मुळाशी भडक असेल तर तो रासायनिक रंग उन्हाने उडाला आहे किंवा कोणी मुद्दाम उडवला आहे. ओला पांढरा रुमाल घासायचा. रंग सुटला तर वस्तू नवी किंवा नंतर रंगवलेली. मंजिष्ठाचा तांबडा आणि निळीचा निळा जुन्या गालिच्यात एका पट्ट्यात गडद तर शेजारी फिका दिसतो, कारण लोकर थोडी थोडी रंगवली जात असे. त्या लहरीला ते अब्रश म्हणतात, आणि जाणकार त्याचे जादा पैसे मोजतात.

मग त्यांनी वय कसे चढवतात तेही सांगितले, आणि त्या कलेचे कौतुक त्यांच्या डोळ्यांत लपत नव्हते. नवा गालिचा क्लोरीनच्या पाण्याने धुतात, चहाच्या पाण्यात बुडवतात, उन्हात टाकतात, रहदारीच्या रस्त्यावर पसरतात म्हणजे मोटारी त्याच्यावरून जाऊन लव झिजते. व्यापारात शंभर वर्षे हा ‘अँटिक’चा सर्वसाधारण दंडक आहे; आपल्या १९७२ च्या कायद्यातही पुरावस्तू शंभर वर्षांचीच, हस्तलिखितांना तेवढी पंचाहत्तरांची सवलत. पण शंभर वर्षांच्या दाखल्याला कागद नसतो. विकणाऱ्याचा शब्द असतो, आणि घेणाऱ्याची हौस.

प्राचीनतेची ही हौस वस्तूचे काय करते याचे उत्तम उदाहरण लंडनमध्ये आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबिलचा गालिचा जगात प्रसिद्ध आहे. त्याच्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० हे वर्ष विणलेले आहे. लांबी साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरच्या वर. आमच्या हॉलमध्ये तो मावणार नाही. १८९३ मध्ये संग्रहालयाने तो २००० पौंडांना घेतला, आणि घ्यावाच असे निक्षून सांगणारे विल्यम मॉरिस होते, समाजवादी मॉरिस. त्या वेळी हे कोणाला फारसे ठाऊक नव्हते की गालिचे दोन होते, जुळे. दोन्ही जीर्ण झालेले. एकाचे तुकडे कापून दुसरा भरून काढला आणि तो ‘पूर्ण’ म्हणून विकला. कापला गेलेला, काठ गमावलेला दुसरा आज लॉस एंजेलिसला आहे. पूर्ण आणि अस्सल अशी जी वस्तू पाहायला लोक रांगा लावतात, ती दोन झिजलेल्या पटांचा जोड आहे. यात गालिच्याचा अपमान काहीच नाही. तो जोडलेलाही विलक्षण सुंदर आहे असेच सगळे सांगतात. अपमान झाला तर ‘अस्सल’ या शब्दाचा होतो.

बंधूंचा मुद्दा मात्र सौंदर्याचा नव्हता, जीव नसल्याचा होता. आमच्या घरात जुने काही नाही, असे त्यांना वाटले. चारशे वर्षे जुना कपडाच हवा असेल तर तो आमच्या मराठवाड्यात, अंबाजोगाईला आहे. दासोपंतांनी पंचीकरण ज्या लांबच लांब पासोडीवर लिहिले ती पासोडी. ती कोणी अंथरीत नाही, विकत नाही, आणि एम. ए. ला आलेली बहुतेक मुले ती न पाहताच तिच्यावरच्या प्रश्नाचे उत्तर लिहून जातात. आम्हीही आमच्या वेळी तसेच लिहिले होते. तेव्हा जुनेपणाशी आपले नाते कसले आहे, याची तपासणी हैदराबादच्या दुकानात नव्हे, आपल्या वर्गात व्हायला हवी.

आता वापराचे पाहू. पुण्याहून बंधूंनी एका सजावटकाराशी बोलणे करून दिले होते. त्यांचे म्हणणे, गालिच्याच्या चहूबाजूंनी एक-दीड फूट फरशी मोकळी दिसली पाहिजे, सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आणि मागचे बाहेर, मधे काचेचे टीपॉय. आम्ही विचारले, बसायचे कुठे? ‘सोफ्यावर,’ ते म्हणाले. मग गालिच्यावर? ‘गालिच्यावर पाय.’ शिवाय ओले पोछे त्याच्या कडेला लागता कामा नयेत, नाही तर ताणा कुजतो. उन्हात पडता कामा नये. आठ महिने धूळ असलेल्या गावात तो रोज झटकायचा नाही, कारण झटकल्याने गाठी सैल होतात. आणि न झटकावा तर कसर लागते. शहाबादी फरशी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसणाऱ्या घरात ही वस्तू म्हणजे कायमचा पाहुणा.

आमचा खरा आक्षेप याच्यापुढचा आहे. इराणात गालिचा असा वापरत नाहीत. तिथे जोडे दाराशी काढतात, गालिच्यावर बसतात, त्याच्यावरच सुफरा पसरून जेवतात, पोरे त्याच्यावर लोळतात, पाहुणे झोपतात. म्हणजे आपल्या ओसरीवरच्या बैठकीशी त्याचे सख्खे नाते आहे. सोफ्याखाली अर्धा दडपलेला, बुटांखाली येणारा आणि बसण्यासाठी नसलेला गालिचा हा व्हिक्टोरियन लंडनचा शोध आहे. बंधू आणि सजावटकार पर्शियाच्या नावाने आम्हांला इंग्लंड विकत होते. स्नेही ज्या परकेपणावर चिडले तो गालिच्यात नव्हताच, तो सोफ्याच्या चार पायांत होता. आणि सोफ्याविषयी त्यांचा आक्षेप आम्ही कधी ऐकलेला नाही. त्यांच्या घरी दोन आहेत.

आणि विणले कोणी? हा प्रश्न या खरेदीत कोणी विचारीत नाही. थोडा हिशेब आम्ही परतीच्या बसमध्ये केला. बारा बाय अठरा फुटांचा गालिचा, चौरस इंचाला दीडशे गाठी, म्हणजे मध्यम दर्जाचा. (अर्दबिलच्याला तीनशे चाळीसच्या आसपास आहेत.) गाठी झाल्या सेहेचाळीस लाख पासष्ट हजारांच्या वर. सराईत हात दिवसाला आठ हजार गाठी मारतो असे धरले तर एका माणसाचे पाचशे ऐंशी दिवस. हे हात बहुतेक बायकांचे, आणि बराच काळ बारीक बोटांच्या मुलांचे होते. आपल्याकडे भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात मुले मागांवर बसवली जात, म्हणून कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘रगमार्क’ची खूण सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या गालिच्याला असली खूण नसते. तो इतका जुना असतो की विणणाऱ्याची विचारपूस करणे असभ्यपणाचे वाटू लागते. प्राचीनतेचा हाही एक फायदा आहे.

तुरुंगाचे तर विसरलेच आहे सगळे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातले कितीतरी नामांकित गालिचे कैद्यांनी विणलेले आहेत. आपल्या येरवड्यातही विणले गेले. जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात तुरुंगातल्या स्वस्त मालाने कसबी विणकर बुडाल्याबद्दल कडक शब्दांत तक्रार केली होती. आमच्याच संस्थानातल्या वरंगलचे गालिचे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात वाखाणले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ती तक्रार किती जवळची होती ते कळते. विंडसरच्या राजवाड्यातल्या वॉटर्लू चेंबरचा प्रचंड गालिचा आग्र्याच्या तुरुंगातला आहे. १९९२ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढायला पन्नास सैनिक लागले, असे सांगतात. मराठीत राजकीय कार्यकर्त्यांसाठी ‘सतरंज्या उचलणारे’ हा शब्दप्रयोग आहे. सभेला कोणी अंथरले, कोणी बसले आणि कोणी उचलले, हे आपल्या भाषेला पक्के ठाऊक आहे. फक्त आपण तिचे ऐकत नाही.

इथवर वाचून आमचे स्नेही मान डोलावतील. म्हणतील, म्हणूनच म्हणालो, घोंगडी. त्यांना आमचे दोन प्रश्न आहेत.

पहिला लहान आहे. घोंगडी कोणाकडून घेणार? दख्खनी मेंढीची काळी राठ लोकर, खड्ड्यातला माग, चिंचोक्याची खळ हे सगळे आमच्या जिल्ह्यातल्या हटकर-धनगरांच्या पालांवर होते. आज कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, लोकर फेकून देतात, आणि मांसासाठी बिनलोकरीच्या, झटपट वाढणाऱ्या मेंढ्या पाळल्या जातात. स्नेह्यांच्या घरी घोंगडी आहे का? आहे, एक, एका साहित्य संमेलनात सत्कारात मिळालेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. हातमागाचा असाच जयघोष करणाऱ्या आपल्या समाजाने नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे काय केले? देशाचा ध्वज शिवणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. कापड उदगीरला विणले जाते. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या पॉलिस्टरला मुभा मिळाली, आणि पुढच्या वर्षी घरोघरी जे फडकले ते बहुतेक पॉलिस्टर होते. मातीचे प्रेमी त्या दिवशी गप्प होते.

दुसरा प्रश्न मोठा आहे आणि त्यासाठीच हा लेख. तुमच्या जाजमावर कोण बसत होते?

गावकीच्या जाजमाची एक कड होती. ती कुठे आहे हे कोणाला शिकवावे लागत नसे. कडेच्या आत कोण, कडेवर कोण, कडेबाहेर मातीवर कोण, आणि मातीवरही किती हात लांब, हे ज्याचे त्याला ठाऊक असे. मराठी माणसाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे अंथरूण कोणते असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही ना पैठणचा शालू सांगू, ना हैदराबादचा गालिचा. साताऱ्याच्या शाळेतला तो गोणपाटाचा तुकडा सांगू. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिले आहे की वर्गात त्यांना इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे, म्हणून ते गोणपाट रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. हे देशी होते. शंभर टक्के आपल्या मातीतले, आपल्याच हातांनी विणलेले. त्यात इराण नव्हता, निजाम नव्हता, न्यू जर्सी नव्हते. आणि हे फार जुने झाले असेही म्हणण्याची सोय आमच्या जिल्ह्यात नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर १९७८ मध्ये जी दंगल पेटली तीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. त्या नावाची पाटी विद्यापीठावर लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

स्नेही म्हणतील की हे ओढूनताणून आणले आहे. त्यांना एक प्रसंग सांगतो. वास्तुशांतीच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही मंडपवाल्याकडून आणलेला एक तांबडा, यंत्रावरचा गालिचा टाकला होता, साधा, भाड्याचा. आमची एक विद्यार्थिनी आली, एम. ए. ला पहिल्या वर्गात आलेली, सोबत तिचे वडील. ती आत आली आणि मधोमध बसली. वडिलांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, गालिच्यापर्यंत आले, थांबले, आणि कडेला वळसा घालून भिंतीशी उघड्या फरशीवर बसले. आम्ही ‘काका, इकडे या’ म्हणालो. ‘राहू द्या मॅडम, इथं गार लागतंय, बरं वाटतंय,’ ते म्हणाले. मे महिना होता, फरशी गार होती हे खरे. मुलगी मान खाली घालून ताटातले निवडत होती. हॉलमध्ये तेव्हा बंधूही होते, स्नेहीही होते. एकाने पुढे गालिचा भेट देऊ केला आणि दुसऱ्याने त्याला विरोध केला. त्या दुपारचे दोघांनाही काही आठवत नाही. आम्ही नंतर मुद्दाम विचारले.

तेव्हापासून आम्हांला या वादात बंधू आणि स्नेही एकाच बाजूला दिसतात. दोघेही पटाकडे पाहतात, त्याचा उगम, वय, वीण, शुद्धता तपासतात. जाणकारीचा हा सगळा खटाटोप आमच्या साहित्यव्यवहारातही आहे. अमुक शब्द फारसी की देशी, अमुक कादंबरी मुळांची की बाहेरची, यावर आम्ही परिसंवाद घेतो, त्यांचे शोधनिबंध होतात, त्यांवर बढत्या मिळतात. आम्हांलाही मिळाल्या. परिसंवादाच्या मांडवात मागे उभा असलेला, चहाचे कप गोळा करणारा आणि शेवटी सतरंज्या गुंडाळणारा मुलगा त्याच विभागाचा विद्यार्थी असतो, आणि त्याला कोणी बस म्हणत नाही. कविता तोही लिहितो.

शेवटी काय केले ते सांगून थांबतो, कारण अनेकांनी विचारले आहे. हैदराबादचा गालिचा आणला नाही. दुकानदारांनी दाखवलेला एक फार आवडला होता, हे कबूल करतो. निळीचा तो निळा पुन्हा दिसणार नाही. बारा बाय अठराचा होता. चौदा बाय बावीसच्या हॉलमध्ये चारी बाजूंनी कड उरली असती, सजावटकाराला हवी होती तशीच. आम्ही सुती सतरंजीच्या पट्ट्या मापाने करून घेतल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कोपऱ्यांसकट. उघडी फरशी कुठेच राहिली नाही. रोज सकाळी पुसायची म्हणून पट्ट्या गुंडाळाव्या लागतात, पाठ भरून येते, आणि मुले म्हणतात की हॉल आता तहसीलच्या सभागृहासारखा दिसतो. त्यांचे बरोबर आहे.

गेल्या दिवाळीनंतर त्या मुलीला नोकरी लागली. पेढे घेऊन ती आणि तिचे वडील आले. वडिलांनी हॉलमध्ये इकडून तिकडे पाहिले, आणि उंबऱ्यावर बसले. आमच्यापैकी एकीने चहा तिथेच नेला आणि शेजारी बसली. बोलणे पावसाचे झाले, सोयाबीनच्या भावाचे झाले, मुलीच्या बदलीचे झाले. ते अर्ध्या तासाने उठले तेव्हाही आत आले नव्हते. बंधूंना फोनवर कळवले आहे की पैसे परत घे. स्नेही अजून जाजमाचा आग्रह धरून आहेत. येत्या शनिवारी त्यांना बोलावले आहे, तीसएक जण येतील, त्यांनी त्यांचे म्हणणे सर्वांसमोर मांडावे.